डच विद्यार्थी आणि इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ

परभाषा शिकविणाऱ्या व्याकरणग्रंथांचें परीक्षण करण्याची चाल आपल्या मासिकांत फारशी नाहीं. कादंबरी, नाटक, काव्य, चरित्र यांवर टीकालेख येतात. व्याकरणाचें पुस्तक मात्र परीक्षा संपली कीं माळ्यावर जातें, आणि त्याच्या गुणदोषांची चर्चा शिक्षकांच्या खोलीबाहेर सहसा येत नाहीं. वास्तविक अशा ग्रंथाच्या कर्त्याला जें काम करावें लागतें तें अनुवादकाच्या कामाइतकेंच नाजूक असतें. ज्या भाषेविषयीं लिहावयाचें तिचा स्वभाव, आणि ज्याच्यासाठीं लिहावयाचें त्याच्या मनांत आधींच घर करून बसलेल्या भाषेचा स्वभाव, हे दोन्ही त्याला ओळखावे लागतात. यांपैकीं पहिली गोष्ट बहुतेक ग्रंथकार करतात. दुसरी करणारे विरळा. नेदरलंड्समधील, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतों त्या देशांतील, इंग्रजी व्याकरणकारांनीं ही दुसरी गोष्ट दीर्घकाळ निष्ठेनें केली. त्यांचे सर्व ग्रंथ येथें तपासावयाचे म्हटलें तर अख्खा अंक पुरणार नाहीं. म्हणून त्यांतला एकच प्रश्न घेतों: इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ डच विद्यार्थ्याला अवघड कां जातो, आणि तो शिकविण्याची योग्य वाट कोणती?

हा काळ डच मुलाला अवघड जावा याचेंच प्रथम आश्चर्य वाटेल. डच आणि इंग्रजी या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत. इंग्रजींत पाण्याला ‘वॉटर’ म्हणतात, डचमध्यें ‘वातर’. पुस्तकाला एकीकडे ‘बुक’, दुसरीकडे ‘बूक’. काळांच्या रचनेंतहि हेंच साम्य दिसतें. इंग्रज ‘आय हॅव सीन’ म्हणतो, तर डच मनुष्य ‘इक हेब खेझीन’ म्हणतो. ‘हॅव’ आणि ‘हेब’ हीं दोन्ही साहाय्यक क्रियापदें ‘जवळ असणें’ या अर्थाचीं, आणि त्यांच्या जोडीला दोन्हीकडे भूतकालवाचक धातुसाधित. जाणें, येणें अशा कांहीं क्रियापदांबरोबर डचमध्यें ‘हेब’च्या जागीं ‘असणें’ या अर्थाचें साहाय्यक येतें, एवढाच काय तो बाह्य फरक. शेजारचें घर आपल्याच घराच्या नकाशावर बांधलेलें असावें, तसा हा प्रकार आहे. विद्यार्थी दिवा न लावतां आंत शिरतो, आणि आपल्या घरीं जेथें दार असतें तेथें भिंतीवर आपटतो.

तो म्हणतो, ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’. त्याच्या भाषेंत ‘इक हेब हेम खिस्तरन खेझीन’ हें वाक्य निर्दोष आहे. त्यानें तेंच इंग्रजींत आणलें. शिक्षक मात्र तें तांबड्या शाईनें खोडतो: काल पाहिलें असेल तर ‘सॉ’ म्हण, ‘हॅव सीन’ म्हणूं नकोस. कां, असें एखाद्या सामान्य इंग्रजाला विचारल्यास ‘आम्ही तसें बोलत नाहीं’ यापलीकडे त्याच्याजवळ उत्तर नसतें. आपली भाषा त्याला येते. ती कां तशी आहे हें त्याला कधीं कोणी विचारलेलें नसतें.

उत्तर त्या ‘हॅव’ शब्दांतच आहे. तो वर्तमानकाळाचा शब्द आहे आणि इंग्रजींत त्याचें वर्तमानपण अजून जिवंत आहे. ‘मीं त्याला पाहिलें आहे’ असें इंग्रज म्हणतो तेव्हां पाहणें पूर्वीं घडलेलें असतें, पण बोलणारा उभा असतो तो आजच्या उंबरठ्यावर, आणि तेथून मागें पाहत असतो. अशा वाक्यांत ‘काल’ हा शब्द घातला कीं ऐकणाऱ्याला आज आणि काल अशा दोन ठिकाणीं एकदम उभें राहावें लागतें, आणि तें इंग्रजी कानाला सोसत नाहीं. काळाची मर्यादा बोलण्याच्या क्षणापर्यंत येऊन भिडत असेल तर मात्र हरकत नसते. सकाळीं दहा वाजतां ‘आज सकाळीं मीं त्याला पाहिलें आहे’ हें वाक्य इंग्रजींत पूर्ण वर्तमानकाळांत चालतें. तीच गोष्ट त्याच मनुष्यानें दुपारीं चार वाजतां सांगितली तर सकाळ सरलेली असते, म्हणून साधा भूतकाळ येतो. घटना तीच, सांगणारा तोच, ‘आज सकाळीं’ हे शब्दहि तेच. बदलली ती बोलण्याची वेळ. दिवंगत माणसाच्या कृतीविषयीं हा काळ वापरतांना इंग्रज अडखळतो, याचेंहि कारण हेंच. ‘नाइट वॉच’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें चित्र रेंब्रांटनें १६४२ सालीं रंगविलें, हें सांगतांना डच मनुष्य ‘हेफ्ट खेस्खिल्दर्त’ असा पूर्ण वर्तमानकाळ बिनदिक्कत वापरतो. इंग्रजाला तेथें साधा भूतकाळच हवा. एक तर सन स्पष्ट दिला आहे. आणि दुसरें असें कीं, रेंब्रांट १६६९ सालींच वारला.

मग डच भाषेला काळाचा विवेक नाहीं काय? असें समजणें अन्यायाचें होईल. तिचा विवेक निराळ्या जागीं आहे. ‘काल मीं यानला पाहिलें, तो थकलेला दिसत होता’ ही साधी हकीकत डच मनुष्य सांगूं लागला, तर पहिलें वाक्य तो पूर्ण वर्तमानकाळांत आणि दुसरें साध्या भूतकाळांत घालील: ‘खिस्तरन हेब इक यान खेझीन. हेइ झाख एर मू औट.’ पहिल्या वाक्यानें तो बातमी देतो, दुसऱ्यापासून चित्र रंगवितो. एखादी घटना घडली एवढेंच नोंदवावयाचें असतां पूर्ण वर्तमानकाळ, आणि त्या घटनेच्या आंत शिरून वर्णन करावयाचें, कथा सांगावयाची किंवा जुनी संवय कळवावयाची असतां साधा भूतकाळ, अशी ढोबळ वांटणी तेथें आहे. इंग्रजी भाषा बोलणाऱ्याला विचारते, या गोष्टीचा आजशीं संबंध उरला आहे काय? डच भाषा विचारते, तूं बातमी देत आहेस कीं गोष्ट सांगत आहेस? प्रश्न दोन्ही शहाणपणाचे आहेत. पण दोहोंचीं उत्तरें सारख्याच दिसणाऱ्या रूपांत दिलीं जातात, आणि घोटाळा तेथें होतो.

भाषेच्या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे हा घोटाळा कसा उत्पन्न झाला तें कळतें. ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेलें आहे’ अशा अर्थाच्या रचनेंतून या भाषांतील पूर्ण वर्तमानकाळ जन्मला. पुढें ‘जवळ असणें’ हा अर्थ झिजला आणि ‘लिहून झालें आहे’ एवढा उरला. ही झीज सर्वत्र सारख्या वेगानें झाली नाहीं. फ्रेंच भाषेनें साधा भूतकाळ बोलण्यांतून बहुतेक काढून टाकला आणि लेखनापुरता ठेवला. दक्षिण जर्मनीच्या बोलींतहि पूर्ण वर्तमानकाळानें साध्या भूतकाळाची जागा जवळजवळ सर्व बळकावली. डच भाषा मधल्या टप्प्यावर आहे. इंग्रजीनें मात्र दोन काळांमधलें कुंपण उलट अधिक पक्कें केलें. या कुंपणाची जुनी जडणघडण ज्याला तपशिलानें पाहावयाची असेल त्याला आजहि एका डच पंडिताच्याच ग्रंथाकडे वळावें लागतें. फिसर यांचा इंग्रजी वाक्यरचनेचा ऐतिहासिक ग्रंथ १९६३ ते १९७३ या काळांत लायडनहून प्रसिद्ध झाला.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, एका ‘हॅव’चा एवढा बाऊ कशाला? ‘काल’ या शब्दाबरोबर तो चुकून आला तरी ऐकणाऱ्याला अर्थ समजतोच. त्या एका वाक्यापुरतें हें खरें आहे. खरा धोका आहे तो चूक दिसतच नाहीं अशा वाक्यांत. डच गृहस्थ आपल्या भाषेंत म्हणतो, ‘इक हेब द्री यार इन लायडन खेवोन्त’. याचा अर्थ, मी तीन वर्षें लायडनमध्यें राहिलों. आतां तेथें राहत नाहीं. हेंच रूप कायम ठेवून इंग्रजी केलें तर ‘आय हॅव लिव्हड् इन लायडन फॉर थ्री यीअर्स’ असें व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य तयार होतें. आणि इंग्रज त्याचा अर्थ बहुधा असा घेतो कीं, हा गृहस्थ तीन वर्षांपासून लायडनमध्यें आहे व अजूनहि तेथेंच आहे. उलट अजून तेथें राहणारा डच मनुष्य आपल्या भाषेंत साधा वर्तमानकाळ वापरतो: ‘इक वोन अल द्री यार इन लायडन’. म्हणजे रूप तेंच आणि अर्थ मात्र उलट. नोकरीच्या अर्जांत अमुक पेढींतील पांच वर्षांचा अनुभव या पद्धतीनें लिहिणारा उमेदवार ती नोकरी सोडून बसलेला असला, तरी वाचणाऱ्याला तो अजून तेथेंच काम करीत आहे असें वाटेल. डॉक्टरापुढें गेलेल्या डच रोग्याला, तीन दिवस ताप होता आणि तो आतां गेला, असें सांगावयाचें आहे. त्यानें आपल्या पूर्ण वर्तमानकाळाचें इंग्रजी केलें तर ताप तीन दिवस सारखा आहे आणि या क्षणींहि आहे, असें इंग्रज डॉक्टर समजेल. शिक्षकाची तांबडी शाई अशा ठिकाणीं चालत नाहीं, कारण खोडण्यासारखें तेथें कांहींच नसतें.

आतां हा काळ शाळेंत कसा शिकविला जातो तें पाहूं. नेदरलंड्समध्यें परभाषांच्या अध्ययनाची परंपरा मोठी आहे. १८६३ च्या कायद्यानें तेथें ज्या नव्या माध्यमिक शाळा निघाल्या त्यांत फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी या तिन्ही भाषांना स्थान होतें. १९८६ पासून प्राथमिक शाळेंतहि इंग्रजी आवश्यक झाली. मोठ्यांसाठीं असलेले इंग्रजी चित्रपट तेथें डच आवाज न घालतां, खालीं डच ओळी देऊन दाखविण्याचा प्रघात असल्यानें ती भाषा कानांवर नेहमींच पडते. इतकें असूनहि पूर्ण वर्तमानकाळासाठीं तेथील मुलांच्या हातीं पुष्कळदां जें साधन दिलें जातें तें म्हणजे एक सांकेतिक शब्द: ‘फैने यास’. ऐकतांना याचा अर्थ ‘छानसा कोट’ असा होतो. फॉर, येट, नेव्हर, एव्हर, जस्ट, ऑलरेडी आणि सिन्स या सात इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून तो बनविला आहे. वाक्यांत यांपैकीं एखादा शब्द दिसला कीं पूर्ण वर्तमानकाळ वापरावा, असा उपदेश.

पाठांतराला हें सोयीचें आहे यांत शंका नाहीं. आपल्याकडील परीक्षार्थींनाहि असल्या युक्त्या प्रिय आहेत. परंतु हा कोट अंगाला नीट बसत नाहीं. ‘फॉर’ घ्या. तीन वर्षें राहून परत आलेला इंग्रज ‘फॉर थ्री यीअर्स’ हे शब्द ठेवूनच साधा भूतकाळ वापरतो. ‘नेव्हर’ घ्या. अमुक दिवंगत मनुष्यानें आयुष्यांत समुद्र कधींच पाहिला नाहीं, हें सांगतांना ‘नेव्हर’ येतो आणि तरीहि काळ साधा भूतच राहतो. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ आणि ‘येट’ यांच्याबरोबर अमेरिकन मनुष्य पुष्कळदां साधा भूतकाळ वापरतो, आणि डच मुलगा चित्रपटांतून ऐकतो ती इंग्रजी बव्हंशीं अमेरिकन असते. म्हणजे सातांपैकीं निदान पांच शब्द वेळप्रसंगीं दगा देतात. मघां सांगितलेल्या ‘आज सकाळीं’ या शब्दांना तर या यादींत जागाच नाहीं. कोणत्याहि यादींत ती देतां येणार नाहीं, कारण तेथें निर्णय घड्याळ पाहून होतो.

यादीचा मुख्य दोष मात्र याहून खोल आहे. ती विद्यार्थ्याला वाक्यांतील खुणेच्या शब्दाकडे पाहण्यास शिकविते, आणि आपल्याला काय सांगावयाचें आहे याचा विचार करण्याच्या कष्टांतून सोडविते. काळाची निवड हा बोलणाऱ्याचा निर्णय असतो. ही गोष्ट मी संपलेली समजतों, कीं ती अजून माझ्या आजच्या हिशेबांत धरतों? हा प्रश्न स्वतःला विचारल्यावांचून इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ खऱ्या अर्थानें वापरतां येत नाहीं. कोऱ्या जागा भरण्याच्या प्रश्नपत्रिकेंत खुणेचा शब्द छापलेला असतो. पत्र लिहितांना किंवा बोलतांना तो आयता कोण आणून देणार?

हा विचार करावयास लावणारी सामग्री डच पंडितांनीं फार पूर्वीं गोळा करून ठेविली होती. हेंड्रिक पाउट्स्मा हे ॲमस्टरडॅममधील शाळाशिक्षक. त्यांचें अर्वाचीन इंग्रजीचें व्याकरण १९०४ ते १९२९ या पंचवीस वर्षांत ग्रोनिंगेनहून जाड जाड भागांनीं प्रसिद्ध झालें. हा ग्रंथ युरोप खंडांतील, आणि विशेषतः डच, विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठीं आहे, असें त्यांनीं त्याच्या उपशीर्षकांतच नमूद केलें. ग्रंथ इंग्रजींत लिहिलेला, विषय इंग्रजी, आणि तरीहि वाचक कोण हें पहिल्या पानावरच ठरलेलें! उदाहरणांचा त्यांचा सांठा प्रचंड आहे. इंग्रजी वाङ्मयांतून आणि वर्तमानपत्रांतून त्यांनीं तीं चिकाटीनें वेंचलीं. ग्रंथाचा दोषहि तेथेंच आहे. विद्यार्थी त्या उदाहरणांच्या रानांत शिरला म्हणजे नियमाची पाऊलवाट त्याला लवकर सांपडत नाहीं. शिक्षकानें कोशासारखा जवळ बाळगावा असा हा ग्रंथ आहे. मुलाच्या दप्तरांत तो मावणार नाहीं.

एट्स्को क्रॉइसिंगा यांचें हस्तपुस्तक निराळ्या प्रकृतीचें. आज वापरली जाणारी इंग्रजी हा त्याचा विषय, हें त्याच्या नांवांतच आहे. आरंभ त्यांनीं उच्चारांपासून केला आणि मग शब्दांचीं रूपें व वाक्यरचना यांकडे ते वळले. लेखी भाषेइतकाच बोलीचा मान ठेवणारी ही दृष्टि काळाच्या प्रश्नाला विशेष उपकारक आहे, कारण पूर्ण वर्तमानकाळ हा संभाषणांतच अधिक दिसतो. कथेच्या निवेदनांत त्याला वाव थोडा. १९१९ सालीं ‘इंग्लिश स्टडीज’ हें नियतकालिक निघालें, त्याच्या संस्थापकांत क्रॉइसिंगा होते आणि त्या वेळीं पंचविशींत असलेले राइनार्ड झांडव्होर्टहि होते. झांडव्होर्ट पुढें ग्रोनिंगेनच्या विद्यापीठांत इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आणि १९४५ सालीं त्यांनीं इंग्रजी व्याकरणाचें एका खंडाचें हस्तपुस्तक प्रसिद्ध केलें. पाउट्स्मांच्या ग्रंथांत जें पसरलेलें तें येथें आंवरलेलें आहे.

या परंपरेंत पूर्ण वर्तमानकाळाचे तीन उपयोग वेगळे करण्याचा प्रघात आहे: आजपर्यंत चालत आलेली गोष्ट, आज जिचा परिणाम उरला आहे ती गोष्ट, आणि अनुभवाच्या शिदोरींत जमा झालेली गोष्ट. ही विभागणी डच डोळ्यांनीं पाहिली म्हणजे तिचें मोल कळतें. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत दोन्ही भाषा बहुधा जुळतात. तेथें विद्यार्थ्यानें खुशाल आपल्या भाषेच्या भरंवशावर चालावें. पहिल्या प्रकारांत डच साधा वर्तमानकाळ वापरते; तेथें थांबून विचार करावयाचा. आणि डच भाषेचा जो चौथा उपयोग, म्हणजे कालची किंवा तीनशें वर्षांपूर्वींची बातमी सांगण्याचा, तो इंग्रजींत मुळींच नाहीं. तेथें आपली संवय घरीं ठेवून यावयाचें. एवढें एक पान नीट समजलें तर खुणेच्या शब्दांची यादी पाठ करण्याचें प्रयोजन उरत नाहीं. धोक्याच्या जागा कोठें आहेत हें कळलें म्हणजे उरलेल्या वाटेवर माणूस निर्धास्त चालतो.

१९५७ सालीं झांडव्होर्ट यांचें हस्तपुस्तक लंडनच्या लाँगमन्स या प्रकाशनसंस्थेनें एकभाषी आवृत्तीच्या रूपानें जगापुढें आणलें. डचशीं केलेली तुलना तींत गळाली. ग्रंथ देशोदेशींच्या विद्यार्थ्यांना खुला झाला हा लाभ मोठा. परंतु ज्या टेंकूवर तो मूळ उभा होता तोच काढून घेतला गेला, असेंहि म्हणणें प्राप्त आहे. सर्वांसाठीं लिहिलेल्या व्याकरणांत कोणाच्याहि विशिष्ट अडचणीचें उत्तर मिळत नाहीं. तें उत्तर ज्याचें त्यानें शोधावयाचें, आणि शोधावयाचें तर आधीं अडचण कोणती हें तरी कळावें लागतें.

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. १८८२ सालीं विल्हेल्म फीएटर या जर्मन पंडितानें भाषाशिक्षणाची दिशा फिरविली पाहिजे अशी हांक दिली, तेव्हांपासून भाषांतरपद्धतीवर अनेक सुधारकांचा रोष आहे. परभाषा शिकावयाची तर त्या भाषेंतच विचार करावा. मातृभाषेची आठवण जितकी कमी तितकें बरें, असें प्रत्यक्ष पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात. १९५७ सालींच रॉबर्ट लॅडो या अमेरिकन विद्वानाचें दोन भाषांच्या तुलनेवर भर देणारें पुस्तक निघालें. पण विद्यार्थ्यांच्या सगळ्याच चुका मातृभाषेंतून येत नाहींत, हें पुढच्या संशोधकांनीं दाखविलें, आणि तुलनेचा तो पक्षहि दुबळा झाला.

या आक्षेपांतील सत्य मान्य करून असें म्हणतां येईल कीं, मातृभाषा वर्गांतून हांकून दिल्यानें ती विद्यार्थ्याच्या डोक्यांतून जात नाहीं. ती मागल्या दारानें येतच असते. डच मुलाला हजार इंग्रजी वाक्यें ऐकवा. ‘हॅव’ कानीं पडतांच त्याच्या मनांत ‘हेब’ जागें होणारच, कारण तें त्याला दिसत नाहीं इतकें जवळ आहे. अगदीं परकी रचना माणूस सावधपणें उचलतो. ओळखीची दिसणारी रचना तो तपासून पाहत नाहीं. म्हणून तुलनेची खरी गरज दूरच्या भाषांपेक्षांहि जवळच्या भाषांत अधिक आहे. शिवाय तुलना करणें म्हणजे भाषांतर करीत बसणें नव्हे. एकदां फरक समजला कीं तुलना बाजूला ठेवावयाची असते.

बाहेरच्या माणसालाच भाषेचे कांहीं सांधे दिसतात, याला इतिहासाचीहि साक्ष आहे. इंग्लंडांत हेन्री स्वीट यांच्यासारखा थोर वैयाकरण होऊन गेला, हें खरें. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रजीचीं विस्तृत व्याकरणें लिहिलीं तीं पाउट्स्मा, क्रॉइसिंगा आणि डेन्मार्कचे ओटो जेस्पर्सन यांनीं. जेस्पर्सन यांचा सात भागांचा ग्रंथ १९०९ ते १९४९ या काळांत पुरा झाला. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांचे सहकारी यांचें मोठें व्याकरण इंग्लंडांतून निघावयास १९७२ साल उजाडलें. आपल्याकडेहि असेंच घडलें आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानें लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें, आणि विल्यम कॅरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूरहून निघालें. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण त्यानंतरचें, १८३६ चें.

मराठी विद्यार्थ्याला या डच अनुभवापासून काय घेतां येईल? आपल्या मुलांनाहि हाच इंग्रजी काळ शिकावा लागतो, आणि आपली भाषाहि येथें इंग्रजीहून वेगळी वागते. ‘मामा कालच पुण्याहून आले आहेत’ हें वाक्य मराठींत पूर्णपणें शुद्ध आहे. मामांचें येणें कालचें आणि त्यांचें घरीं असणें आजचें, हें दोन्ही तें एकदम सांगतें. त्याचें शब्दशः इंग्रजी केलें तर डच मुलाचीच चूक होते. ‘मी सात वर्षें येथें राहतों आहें’ या वाक्यांतील वर्तमानकाळहि डच वाक्यासारखाच आहे, आणि त्यामुळें मराठी विद्यार्थी इंग्रजींत ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स सेव्हन यीअर्स’ असें लिहितो. येथपर्यंत दोघे एकाच बांकावर बसलेले दिसतात.

पुढें मात्र वाटा फुटतात. ‘मी काल त्याच्याकडे गेलों होतों’ असें आपण अगदीं साध्या गोष्टीविषयीं म्हणतों, कारण जाऊन परत आल्याचा भाव त्या ‘होतों’मध्यें आहे. त्यावरून मराठी मनुष्य इंग्रजींत ‘आय हॅड गॉन टु हिज प्लेस यस्टर्डे’ असें म्हणतो, आणि इंग्रज पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. त्याच्या भाषेंत ‘हॅड गॉन’ हा काळ दुसऱ्या एखाद्या भूतकालीन घटनेच्या आधींची गोष्ट सांगण्यासाठीं असतो. आणि ती दुसरी घटना तर येतच नाहीं. उलट ‘आत्तांच आलों’ असें आपण साध्या भूतकाळांत म्हणतों तेथें ब्रिटिश इंग्रजीला बहुधा पूर्ण वर्तमानकाळ हवा असतो. डच विद्यार्थ्यासाठीं काढलेला नकाशा या वळणांवर आपल्या उपयोगी पडणार नाहीं. येथें आपलाच नकाशा पाहिजे.

तो काढण्याचा आरंभ आपल्याकडे झाला नव्हता असें नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेनें दोन भाषा समोरासमोर ठेवून मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविली. मो. के. दामले यांनीं १९११ सालीं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केलें, तेव्हां मराठीच्या बाजूनेंहि भक्कम आधार मिळाला. या दोहोंची सांगड घालून, मराठी मन कोठें अडखळतें हें प्रकरणाप्रकरणांत दाखविणारें आणि त्याचें कारण सांगणारें इंग्रजीचें विस्तृत व्याकरण ही पुढची पायरी होय. तें काम पाउट्स्मांसारख्या एखाद्या शाळाशिक्षकाचें आहे. त्याला पंचवीस वर्षें लागलीं तरी तीं वायां जाणार नाहींत.

आज मराठी घरांत इंग्रजीवर पैसा आणि मुलांचा वेळ हे दोन्ही मुक्तहस्तानें खर्च होतात. पुस्तक निवडतांना त्यावरील चित्रें, छपाई आणि परदेशी प्रकाशकाचें नांव पाहिलें जातें. यापुढें पालकांनीं आणि शिक्षकांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. पुस्तक उघडून काळांचें प्रकरण काढावें, आणि ‘मामा कालच आले आहेत’ असें घरीं बोलणाऱ्या मुलाची अडचण त्यांत कोठें ओळखलेली आहे काय, एवढें तपासावें. ती नसेल, तर तें पुस्तक दुसऱ्या कोणासाठीं लिहिलेलें आहे असें समजावें.